चीनमधला साचा गोव्यात आणायचाय, कुणी केलंय का?

नमस्कार मंडळी. मी फोंड्याचा, कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत छोटा गाळा आहे. मुलांचे प्लास्टिकचे ठोकळे पूर्वी चीनमध्ये बनवून घ्यायचो. 2020 मध्ये खेळण्यांवरची कस्टम ड्युटी 20 वरून 60 टक्के झाली, 2023 मध्ये 70. त्यात 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय मार्क सक्तीचा. धंदा बसलाच. आता ठोकळे इथेच काढायचेत.

अडचण साच्याची, म्हणजे ज्यात वितळलेलं प्लास्टिक दाबून ठोकळे काढतात त्याची. पैसे आमचे, पण साचा तिकडच्या कारखान्यात अडकलाय आणि मालक ड्रॉइंग द्यायला तयार नाही. माझ्याकडे फक्त टूलिंगचं, म्हणजे साचा बनवण्याच्या खर्चाचं बिल. मालकीचा करार तेव्हाच करून घ्यायला हवा होता, ही माझीच चूक.

तो सोडवून आणावा, की बेळगाव-पुण्याकडे नवाच करून घ्यावा? आणला तर इथल्या 150 टनी (साचा दाबून धरायची ताकद) मोल्डिंग मशीनवर बसेल का, हे आधीच कसं तपासायचं? टाय-बारमधलं (मशीनच्या ज्या दांड्यांमध्ये साचा बसतो त्यांतलं) अंतर, साच्याची जाडी, इजेक्टरची (तयार ठोकळा बाहेर ढकलणाऱ्या भागाची) जागा, एवढं मागवलं तर पुरे का? आणि वापरलेला साचा कस्टममधून सोडवताना किंमत कोणती धरतात, मूळ बिलाची की आजची? इथला एजंट दर फोनला वेगळं सांगतो.

स्वतः केलेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.