माया लोकांच्या गुहांत एवढी मडकी कशाला?

रानवाटा: मध्य अमेरिकेतल्या बेलीझमधल्या आक्तुन तुनिचिल मुकनाल या प्राचीन माया लोकांच्या गुहेवरचा माहितीपट पाहिला. सगळा भर नरबळींच्या सांगाड्यांवर. मागे मात्र जिकडेतिकडे मडकी दिसत होती, त्यांच्याबद्दल चकार शब्द नाही. एवढी मडकी घेऊन ते लोक काळोखात कशाला जात असतील?

मृद्‌गंधा: मडकी तुमच्या नजरेत भरली, फार बरं वाटलं. मी त्या गुहेत जाऊन आलेय. तोंडाशीच पाण्यात उतरून पोहावं लागतं. पुढे प्रवाहातून चालत बरंच आत गेल्यावर वरच्या कोरड्या दालनात चढायचं, तिथे बूट काढून फक्त मोज्यांवर. टॉर्च खाली धरला तर पायापासून हातभर अंतरावर एक मडकं आडवं पडलेलं. बूड चुनखडीने जमिनीला पक्कं धरलेलं, आणि अंगाला एक भोक. आपटून पडलेलं नव्हे, मुद्दाम पाडलेलं. भोक पाडून मडक्याचा जीव मोकळा करत, असं अभ्यासक मानतात.

माया लोकांच्या समजुतीत पर्जन्यदेव चाक गुहेत राहतो, ढग तिथूनच निघतात. त्या दालनातल्या बऱ्याच वस्तू आठव्या-नवव्या शतकातल्या, म्हणजे अवर्षणाच्या काळातल्या. माझ्या मते ही सगळी पावसासाठी केलेली विनवणी आहे.

पुराणवस्तू: सहमत. मेक्सिकोतल्या चिचेन इत्सा या जुन्या माया नगराजवळच्या 'बालांकांचे' नावाच्या गुहेत एका गाइडला १९५९ साली बुजवलेली वाट सापडली. आत छतापासून जमिनीपर्यंत माया लोकांच्या पवित्र सेइबा वृक्षासारखा एक लवणस्तंभ, भोवती पर्जन्यदेवाच्या चेहऱ्याची धूपपात्रं आणि इटुकले पाटे-वरवंटे! गुहेत ठिबकणारं पाणी म्हणजे 'सुहुय हा', सोवळ्यातलं पाणी म्हणा हवं तर.

नरबळी मात्र नाकारता येत नाहीत. चिचेन इत्सालाच १९६७ मध्ये एका चुलतूनमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या टाक्यात, शंभरावर मुलांचे अवशेष मिळाले. त्यांतल्या ६४ जणांची डीएनए तपासणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. सगळे मुलगे, त्यात एकसारख्या जुळ्यांच्या दोन जोड्या. माया पुराणकथेत पाताळात उतरणारे वीर हुनाहपू आणि श्बालांके हेही जुळेच, म्हणून हे वाचून मी बराच वेळ सुन्न होतो.

रानवाटा: दोघांचेही आभार. मृद्‌गंधा, त्या मडक्याचा फोटो आहे का?

मृद्‌गंधा: नाही हो. २०१२ मध्ये एका पर्यटकाच्या हातून कॅमेरा पडून तिथली कवटी फुटली, तेव्हापासून कॅमेरे नेऊ देत नाहीत. बाहेर आल्याआल्या वहीत चित्र काढलं होतं, ते शोधून टाकते.