कथकवरून फ्लामेंको: घरचा सराव, बूट आणि पुढे शिकवणं

तत्कार_ठाणे
कथक विशारद झालंय, घोडबंदर रोडला लहान मुलींचे वर्ग घेते. आता फ्लामेंको, म्हणजे स्पेनचा पायांच्या ठोक्यांचा नाच, नीट शिकायचंय, जमलं तर पुढे शिकवायचंय. आठव्या मजल्यावर टाइल्सवर खिळ्यांचे बूट चालतील? त्याऐवजी टॅपचे बूट? आणि शिकवण्याआधी नेमकं काय यायला हवं?

घणसोलीकर
टाइल्सवर नकोच. चवड्याखाली आणि टाचेखाली ठोकलेले खिळे टाइलवर सटकतात, चरे पाडतात, आणि फरशी दबत नसल्याने दणका थेट नडगीत जातो. १८ मिमी वॉटरप्रूफ प्लाय घ्या. साधा प्लाय दोन पावसाळ्यांत कडांना फुगतो. ८ बाय ४ चा ताव दुकानातच मधोमध कापून आणा, अख्खा बहुतेक लिफ्टमध्ये मावत नाही. वर सनमायका लावू नका. खाली जिमच्या रबरी लाद्या टाका. मऊ फोम नको, फळी डुलते आणि ठोका गुळमुळीत येतो. खालच्या घरात आवाज तरीही जाईल, तेव्हा दुपारची झोप टाळून वेळ ठरवा.

टॅपचे बूट विसरा. त्याचा पत्रा खणखणतो. इथे कोरडा, बंद ठोका लागतो. टाच ५-६ सेंमी, बूट पायाला घट्ट (चामडं सैलावतंच). एखादा खिळा वर आलाय का, ते दर आठवड्याला बोट फिरवून बघा.

सोलेआ_बारा
ताई, कथकवाल्यांचं पाऊल पहिल्या दिवशीच वाजतं, आणि घोळ तिथेच होतो. तत्कारात, म्हणजे कथकच्या पायकामात, पूर्ण तळवा आणि ताठ गुडघा. इथे गुडघे कायम थोडे वाकलेले, आणि आवाज तीन वेगळे: प्लांता म्हणजे चवडा, ताकोन म्हणजे टाच, गोल्पे म्हणजे पूर्ण तळवा. ताठ गुडघ्याने टाच आपटलीत तर कंबर धरते.

पण खरा डोंगर लयीचा. सोलेआ हा फ्लामेंकोतला एक प्रकार, १२ मात्रांचा, जोर ३, ६, ८, १०, १२ वर. पाय न हलवता आधी टाळ्या द्या, पाल्मास म्हणतात त्याला: गायक गात असताना ओंजळीच्या दबक्या, पायकामावर चपट्या बोटांच्या खणखणीत. सुरुवात तांगोस या चार मात्रांच्या प्रकाराने करा. बुलेरिआस या वेगवान प्रकाराला हात घालायची घाई नको, लय मिनिटाला २०० मात्रांच्या वर जाते.

तत्कार_ठाणे
१२ म्हणजे सम धरायची का?

सोलेआ_बारा
नाही, तिथेच फसगत होते. कथकमध्ये तुकडा समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, टाकायची सवय असते, म्हणून पाय १ शोधतो. सोलेआत वाक्य १० वर मिटतं, ११-१२ श्वासाला. १ वर ठाम थांबलात की गिटारवाला गोंधळतो.

शिकवण्याबद्दल: पायकाम हा त्यातला छोटा भाग. नर्तिका यामादा देते, म्हणजे पायांनी गायकाला हाक. मग तो लेत्रा, म्हणजे कडवं, गातो, तेव्हा पाय आवरते घ्यायचे. नंतर एस्कोबिया, लांब पायकाम, आणि शेवटी वेग वाढवून बाहेर. या खुणा पक्क्या असल्यामुळेच ताब्लाओत (फ्लामेंकोच्या छोट्या रंगमंचावर) अनोळखी गिटारवाल्याबरोबर तालमीशिवाय नाचता येतं. गाणं न ऐकता नुसती कोरिओग्राफी शिकवणारे बरेच आहेत. त्यांच्या मुली रेकॉर्डिंग बंद पडलं की उभ्या.

पायांसाठी नर्तिका कार्मेन आमाया पाहा (१९६३ मध्ये गेली, चित्रफिती आहेत), हातांसाठी स्पेनमधल्या सेव्हियाची नर्तिका मातिल्दे कोराल. बघून दोघींचा वेग उचलू नका.

घणसोलीकर
स्पेनला जायचं तर हेरेस शहरातला फ्लामेंको महोत्सव फेब्रुवारी-मार्चमध्ये असतो, त्यातले वर्ग पातळीनुसार लागतात. वरची पातळी भरलीत तर पहिल्याच तासाला मागच्या रांगेत. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. वर्षभराच्या शिक्षणाला विद्यार्थी व्हिसा वेगळा.