मदत हवी आहे: बेळगावात पेटंटचा वकील कुठे मिळेल? (अर्जंट)

कडोलीचा_वेल्डर
नमस्कार मंडळी. एक मशीन तयार केलंय, त्याचं पेटंट घ्यायचंय. बेळगावात चांगला पेटंटवाला वकील कोण? कोर्टाजवळ दोघांना विचारलं. एक म्हणाला मी फक्त ट्रेडमार्क करतो, दुसरा म्हणाला बेंगळूरला जा. कोल्हापूर, पुणे पण चालेल. फी किती आणि किती दिवसांत मिळतं तेवढं सांगा. दिवाळीच्या आत हातात पाहिजे. माहीत असेल त्यानंच लिहा, नुसती चर्चा नको.

टिळकवाडी_३रा_गेट
वकिलाची गरजच नाही. ड्रॉइंग पाकिटात घाला, सील करा आणि स्वतःच्याच पत्त्यावर स्पीड पोस्टानं पाठवा. आलेलं पाकीट फोडायचं नाही. पोस्टाचा शिक्का म्हणजे तारखेचा पुरावा.

क्लेम_नं_१
टिळकवाडीकर, हा उपाय कृपया कुणाला सांगू नका. भारतात पेटंटला आधी अर्ज करणारा बघतात. तुमचं पाकीट कपाटात पडून राहील आणि दुसऱ्यानं अर्ज केला की तारीख त्याची लागेल.

धागाकर्ते, तुम्ही काहीच सांगितलेलं नाही. कसलं मशीन? कुणाला दाखवलंय? विकलंय? व्हिडिओ टाकलाय? कुणाकडून बनवून घेतलंय? अर्ज कुणाच्या नावानं करायचाय?
आणि दिवाळीआधी पेटंट "मिळत" नाही. दिवाळीआधी अर्ज दाखल होऊ शकतो. पुढं प्रकाशन, तपासणी, आक्षेप, उत्तर, लागली तर सुनावणी. अर्ज मंजूर व्हायला वर्षं लागतात. पण बहुतेक वेळा तुम्हाला आत्ता लागते ती दाखल झाल्याची तारीख.

निपाणी_एस्टी_स्टँड
ब्रँडचं नाव ठरवलंय का? ट्रेडमार्क आधी करून घ्या, नाहीतर नाव कोण तरी उचलतंय.

कडोलीचा_वेल्डर
नावाचं विचारलंच नाही ओ मी.
मशीन रताळी काढायचं आहे, ट्रॅक्टरच्या मागं. आपल्याकडं बटाट्याचा डिगर लावतात, पण रताळ्याचा वेल शाफ्टला गुंडाळतो आणि बेअरिंगच्या तोंडाशी जाऊन असा आवळतो की ट्रॅक्टर थांबवून कोयत्यानं कापत बसायचं. माझ्यात वेल गुंडाळत नाही. पासेच्या पुढं मी
[येथील मजकूर संपादित]

क्लेम_नं_१
थांबा थांबा! रचना इथं लिहू नका. संपादकांनी आधी त्या चार ओळी काढाव्यात.

संपादक
काढल्या आहेत. कुणी उद्धृत केल्या असतील तर त्यांनीही काढाव्यात.

क्लेम_नं_१
आभार. कारण सांगतो, म्हणजे राग येणार नाही. अर्जाच्या तारखेआधी ती रचना कुठंही उघड झाली (फोरम, यूट्यूब, व्हॉट्सअ‍ॅपचा मोठा ग्रुप, प्रदर्शन, विक्री), की "नवीन" ही पहिलीच अट धोक्यात येते. ती उघड तुम्ही स्वतः केली असली तरी. परदेशात ही सूट, ती सूट असते असं ऐकून लोक निर्धास्त राहतात. आपल्याकडची सूट फार अरुंद आहे.

कडोलीचा_वेल्डर
धारवाडच्या कृषी मेळ्यात स्टॉल बुक केलाय. आणि दहा मशीनची ऑर्डर आहे, काढणीच्या आधी द्यायची. म्हणून तर घाई करूलालोय. गावात तीन शेतकऱ्यांच्या रानात चालवून बघितलंय, या वर्षीच.

ड्रॉइंग_बोर्ड
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं होतं, साहेब.
रानातली चाचणी: यंत्र उघड्यावर चालवल्याशिवाय कळणारच नसेल, तर अर्जाच्या आधीच्या एका वर्षातल्या वाजवी चाचणीला कायद्याच्या कलम ३२ मध्ये संरक्षण आहे. त्या तिघांकडून "चाचणीसाठी दिलं होतं, विकलं नाही" असं तारखेसकट लिहून घ्या. पैसे घेतले असतील तर प्रश्न वेगळा.
मेळा: प्रदर्शनात दाखवल्याला १२ महिन्यांची सवलत कलम ३१ मध्ये आहे, पण केंद्र सरकारनं राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनापुरतीच. नुसतं "कृषी मेळा" असून चालत नाही. त्यामुळं आधी अर्ज, मग मेळा. मग ऑर्डर.

खानापूरचा_पाव्हणा
आपल्याला पेटंटच्या अर्जासाठी चेन्नईला का जावं लागतंय ते विचारा की कुणीतरी. कोल्हापूर शंभर किलोमीटर, तिथला माणूस मुंबईला अर्ज करतोय आणि आम्ही तमिळनाडूत! वर्षानुवर्षं हेच चाललंय. मेव्हण्याचा गडहिंग्लजचा पत्ता घाला आणि मुंबईला टाका.

बसवण_गल्ली
आला सीमाप्रश्न. रताळ्यात पण आला.

क्लेम_नं_१
मेव्हण्याचा पत्ता अजिबात नको. अर्जदार कुठं राहतो, त्याचा धंदा कुठं आहे किंवा शोध प्रत्यक्ष कुठं लागला, यावर कार्यालय ठरतं. कर्नाटक चेन्नईकडे, महाराष्ट्र आणि गोवा मुंबईकडे. खोट्या पत्त्यानं मिळणार काहीच नाही. अर्ज ऑनलाइन जातो, सुनावणी व्हिडिओवर होते, तपासणी करणारा अधिकारी चारपैकी कुठल्याही कार्यालयातला असू शकतो. चेन्नईत गिंडीच्या पेटंट कार्यालयाची पायरी चढायची वेळ येत नाही.
महत्त्वाचं म्हणजे पेटंट एजंट (अर्ज लिहून भरणारा नोंदणीकृत माणूस) कुठल्याही गावचा चालतो. नोंदणी अखिल भारतीय असते. पुण्यातला माणूस तुमचा अर्ज चेन्नईला भरू शकतो. म्हणून "बेळगावात कोण" हा शोध सोडा. "शेती यंत्रं कळणारा कोण" हा शोध घ्या.

खानापूरचा_पाव्हणा
बरं. पण अर्ज मराठीत तरी चालतोय का?

क्लेम_नं_१
नाही. इंग्रजी किंवा हिंदी. कन्नडही नाही, त्यामुळं भांडायला जागा नाही.

संपादक
सीमाप्रश्नावर वेगळा धागा आहे. इथं पुढं नको.

ड्रॉइंग_बोर्ड
आता माणूस कसा निवडायचा ते.

तुम्हाला हवा तो "पेटंट एजंट". विज्ञान किंवा इंजिनिअरिंगची पदवी आणि पेटंट कार्यालयाची परीक्षा पास होऊन नोंदणी झालेला. काही जण वकीलही असतात, ते पुढं दाव्याच्या वेळी उपयोगी. पण मसुदा लिहायला काळा कोट लागत नाही. एजंटला नोंदणी क्रमांक असतो, "आयएन/पीए" नं सुरू होणारा. तो मागा आणि पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावरच्या यादीत नाव आहे का, नोंदणी चालू आहे का ते बघा. बरेच "आयपी कन्सल्टंट" (बौद्धिक संपदेचे सल्लागार) स्वतः एजंट नसतात, दुसऱ्याच्या सहीनं काम काढतात. त्यात वाईट असंच नाही, पण मसुदा कोण लिहिणार आणि फोन कोण उचलणार ते आधी विचारा.

मग त्यानं मेकॅनिकलमध्ये मिळवून दिलेल्या दोन पेटंटचे नंबर मागा. ती सरकारी साइटवर फुकट वाचता येतात. दाखल करतानाचा पहिला क्लेम (नेमकं कशाला संरक्षण मागितलंय ते सांगणारं वाक्य) आणि मंजूर झालेला पहिला क्लेम शेजारी ठेवा. मंजूर क्लेम अर्धं पान लांब आणि "८ मिमी जाडीची पट्टी, २२ अंशाचा कोन" अशा मापांनी भरलेला असेल, तर ते पेटंट भिंतीवर लावण्यापुरतं. शेजारचा माणूस १० मिमी पट्टी घालून तेच मशीन विकेल आणि तुम्हाला काही करता येणार नाही.

चांगला एजंट पहिल्या भेटीत फीआधी प्रश्न विचारतो. वेल का गुंडाळतो? तुमच्या रचनेतला कुठला भाग काढला तर पुन्हा गुंडाळेल? तोच परिणाम साधायला दुसरं काय लावता येईल? पॉवर टिलरवर चालेल का? जो यातलं काही न विचारता "शंभर टक्के मिळवून देतो" म्हणतो, त्याच्या पायऱ्या उतरा.

मच्छे_कॉलेजवाला
एक धोका अजून. "पंधरा दिवसांत पेटंट सर्टिफिकेट" अशा जाहिराती कॉलेजांच्या ग्रुपवर फिरतात. ते बहुतेक डिझाइन नोंदणीचं असतं, कधी इंग्लंडमधल्या डिझाइनचं. डिझाइन म्हणजे फक्त बाह्य रूप. आतलं काम कसं चालतं त्याला संरक्षण शून्य. प्रमोशनला चालत असेल, रताळ्याला नाही.

टिळकवाडी_३रा_गेट
स्वतः ऑनलाइन भरता येतं की नाही? मग एजंटला पैसे कशाला?

क्लेम_नं_१
भरता येतं. फॉर्म भरणं सोपंच आहे, अवघड आहेत ते क्लेम. तिथली चूक नंतर दुरुस्त होत नाही, कारण मूळ अर्जात नसलेली गोष्ट मागून घालता येत नाही.

सरकारी फी अशी. एकटी व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग: ऑनलाइन अर्ज १,६०० रुपये (३० पानं आणि १० क्लेमपर्यंत, वरच्या प्रत्येक पानाला १६०, प्रत्येक क्लेमला ३२०). तपासणीची विनंती ४,०००. १८ महिन्यांच्या आधी प्रकाशन हवं असेल तर २,५००. बाकी सगळा खर्च एजंटचा, आणि तो माणसागणिक बदलतो. म्हणून एकच आकडा मागू नका. सर्च (आधीची पेटंटं शोधणं), प्रोव्हिजनल (तारीख धरायला भरायचा तात्पुरता अर्ज), संपूर्ण स्पेसिफिकेशन (शोधाचं सविस्तर वर्णन आणि क्लेम), तपासणी अहवालाचं उत्तर, सुनावणी: प्रत्येकाचा वेगळा भाव लिहून घ्या. सुरुवातीला स्वस्त सांगून अहवालाच्या उत्तराला दाबून घेणारे आहेत.

तुमच्या घाईत मार्ग एकच दिसतो: मेळ्याआधी प्रोव्हिजनल अर्ज, मग १२ महिन्यांत संपूर्ण स्पेसिफिकेशन. पण प्रोव्हिजनल म्हणजे एक पान आणि मोबाइलचा फोटो नव्हे. त्यात जे लिहिलंय तेवढ्यालाच ती तारीख मिळते. वेल अडवणारी रचना, तिचे पर्याय, ड्राइव्ह कुठून घेतलाय, सगळं आकृतीसकट आत्ताच जाऊ दे. भागांना नंबर द्या, मापं नकोत.

मळेकरी
गांधीनगरच्या नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनला पाठवा. गावातल्या संशोधकांचं पेटंट ते स्वतः भरतात, पैसे घेत नाहीत. एजंटच्या नादाला लागूच नका.

ड्रॉइंग_बोर्ड
संस्था चांगली आहे, पण छाननी त्यांच्या वेगानं होते. यांना मेळ्याआधी तारीख पाहिजे.

मळेकरी
घाई त्यांची आहे, कायद्याची नाही. मेळा पुढच्या वर्षी पण आहे.

ड्रॉइंग_बोर्ड
दहा मशीनची ऑर्डर पुढच्या वर्षी नाही.

मच्छे_कॉलेजवाला
बेंगळूरला भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारात राज्याच्या विज्ञान व तंत्रज्ञान परिषदेचं पेटंट माहिती केंद्र आहे. तिथंही चौकशी करा. आणि सर्च करताना नुसती पेटंटं बघू नका, तिरुअनंतपुरमच्या केंद्रीय कंद पिके संशोधन संस्थेचे लेख पण बघा. छापील लेखातली रचनाही "आधी माहीत" धरतात. पेटंटच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ए०१डी १३, १७ आणि ३३ उघडा, कंद काढायची यंत्रं तिथं सापडतील.

क्लेम_नं_१
हे फार कामाचं. आक्षेप कुठून येणार तेही आत्ताच सांगून ठेवतो: कलम ३(एफ). "बटाट्याचा डिगर माहीत, वेल कापायची चकती माहीत, दोन्ही शेजारी लावल्या, यात शोध काय?" दोन्ही भाग आपापलं काम सुटं करत असतील तर आक्षेप टिकतो. एकाची चाल दुसऱ्यावर अवलंबून असेल आणि त्यामुळंच वेल सुटत असेल, तर ते स्पेसिफिकेशनमध्ये ठासून लिहायचं. तीन रानांतले आकडे तयार ठेवा: किती सऱ्यांमागे थांबावं लागलं, किती रताळी कापली गेली, साध्या डिगरशी तुलना. आणि क्लेम यंत्राचा करा, "रताळी काढण्याची पद्धत" असा नको. शेतीच्या पद्धतीला पेटंट नाही, कलम ३(एच).

कडोलीचा_वेल्डर
बरं. अर्ज माझ्या नावानं की वर्कशॉपच्या? वर्कशॉपमध्ये एक पार्टनर आहे. आणि गिअरबॉक्सचं काम उद्यमबागेत (इथली औद्योगिक वसाहत) बाहेरून करून घेतलंय.

बसवण_गल्ली
बायकोचं नाव घाला. बाई असली की लवकर तपासतात म्हणे.

ड्रॉइंग_बोर्ड
अर्धं बरोबर. अर्जदार व्यक्ती असतील आणि त्यात एक तरी महिला असेल तर जलद तपासणी मागता येते, तीच सवलत लघुउद्योगालाही आहे. पण अर्जदार म्हणजे मालक. करार नसेल तर सहमालकांचा हिस्सा समान, आणि एकाच्या संमतीशिवाय दुसऱ्याला ते पेटंट कुणाला विकता किंवा वापरायला देता येत नाही. शोधक म्हणून तर कुणाचंही नाव उगीच घालू नका. उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) असेल तर वर्कशॉपच्या नावानं फॉर्म २८ (लघुउद्योग असल्याचा फॉर्म) जोडून तोच फायदा मिळतो, घरात नवा मालक न आणता.

पार्टनरनं डोकं चालवलं असेल तर तो शोधक. नुसता पैसा घातला असेल तर नाही. उद्यमबागेतल्यानं तुमच्या ड्रॉइंगप्रमाणं दात पाडले असतील तर तोही नाही. पण गोपनीयतेचा कागद केलाय का? नसेल तर या आठवड्यात स्टॅम्प पेपरवर करा, ड्रॉइंगचा नंबर त्यात टाकून.

निपाणी_एस्टी_स्टँड
एकदा पेटंट घेतलं की सगळ्या जगात चालतं ना?

क्लेम_नं_१
नाही. भारतापुरतं. बाहेर हवं असेल तर पहिल्या अर्जापासून १२ महिन्यांत पीसीटीचा (आंतरराष्ट्रीय पेटंट कराराखालचा) अर्ज. यांनी ते विचारलेलंही नाही.

कडोलीचा_वेल्डर
पुण्यातल्या दोघांचे आणि हुबळीतल्या एकाचे नंबर मिळालेत. उद्या फोन करतो. अर्ज झाला की मशीनवर "पेटंटेड" स्टिकर लावू का? मेळ्यात बरं दिसंल.

क्लेम_नं_१
"पेटंटेड" नाही. "पेटंटसाठी अर्ज केलेला" आणि अर्ज क्रमांक. पेटंट नसताना असल्याचं सांगितलं तर १० लाखांपर्यंत दंड आहे.

फोनवर एक ठरवून घ्या. कार्यालयाची पत्रं एजंटच्या ईमेलवर येतात. तपासणी अहवाल आल्यापासून उत्तराला ६ महिने, फी भरून आणखी ३. एजंटनं मेल बघितला नाही किंवा त्याचं बिल अडकलं म्हणून त्यानं कळवलं नाही, की अर्ज सोडून दिला असं धरतात. अर्ज क्रमांक स्वतःकडं ठेवा आणि साइटवर महिन्यातून एकदा स्थिती बघत जा. तपासणीची विनंती पहिल्या अर्जाच्या तारखेपासून ३१ महिन्यांत गेलीच पाहिजे. जुन्या लेखांत ४८ महिने लिहिलेलं सापडेल, २०२४ च्या मार्चपासून ते बदललंय.

कडोलीचा_वेल्डर
फोन करताना मशीनचं किती सांगू? त्यांच्याशी पण कागद करायचा का?

ड्रॉइंग_बोर्ड
पहिल्या फोनला एवढंच: "ट्रॅक्टरला जोडायचं कंद काढणी यंत्र, वेल गुंडाळण्याची अडचण सोडवलीय." भाव आणि तारीख विचारायला तेवढं पुरे. ड्रॉइंग पाठवायच्या आधी गोपनीयतेची सही मागा. कामातला माणूस लगेच देतो.

खानापूरचा_पाव्हणा
मशीन ३५ एचपीला ओढतंय का पण?