क्लास नका बदलू, गच्चीवर पाठवा

मुलगा नववीत, मार्क बरे पण कशातच रस नाही, क्लास बदलू का असं विचारलंय तुम्ही. माझे दोनदा बदलले होते, काही फरक पडला नाही :) गोडी लागली ती मामाच्या जुन्या दुर्बिणीमुळे, साधी १०×५० ची (दहापट मोठं दाखवणारी, ५० मिमी भिंगांची). गच्चीच्या कठड्यावर टेकवून गुरू बघितला तर शेजारी एका रेषेत बारीक ठिपके आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या जागा बदललेल्या! मग महिनाभर वहीत नुसते ठिपके काढत बसलो, अभ्यास सोडून. ते ठिपके म्हणजे गुरूचे चंद्र. त्यातल्या गॅनिमीडची गुरूभोवतीची फेरी साधारण ७ दिवसांची, कॅलिस्टोची जवळजवळ १७, म्हणजे लांबचा तो हळू, आणि तेव्हा कुठे डोक्यात शिरलं की केप्लरचा तिसरा नियम (आवर्तकाळाचा वर्ग, अंतराचा घन वगैरे जे मी नुसतं घोकायचो) हेच सांगतोय. गॅलिलिओने १६१० मध्ये असेच ठिपके काढले होते, आणि रोमर नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने १६७६ मध्ये आयो या गुरूच्याच चंद्राची ग्रहणं कधी लवकर कधी उशिरा का दिसतात यावरून प्रकाशाला वेळ लागतो हे ताडलं, हे वाचून तर झोप उडाली. मार्क लगेच वाढले नाहीत हां, उलट त्या चाचणीत इतिहासात आपटलो. आणि त्याला गुरूच आवडेल असंही नाही, माझ्या बहिणीने तीच दुर्बीण घेऊन समोरच्या शेवग्यावरचे बुलबुल बघितले.