इतके चांगले नट, आणि सिनेमा असा? तुमचे अनुभव लिहा

रविवारी आईला घेऊन कोथरूडला सकाळच्या खेळाला गेले होते. वाडा विकायला जमलेली भावंडं, हसता हसता डोळे ओले करणारा म्हणून जाहिरात. पोस्टरवर सहा चेहरे, सहाही जणांची नाटकं आम्ही बालगंधर्वला तिकीट काढून पाहिलेली. मध्यंतरापर्यंत आई म्हणत होती, आता रंगेल. ज्या बाईंनी एकेकाळी नुसता पदर सावरून अख्खं थिएटर हसवलं, त्यांना दोन तास चहाचा ट्रे घेऊन आत-बाहेर करायला लावलंय. फार राग आला. तुम्हाला असं कधी झालंय? नावं नकोत, नेमकं काय फसलं ते लिहा.

*

वाड्यावरून ओळखला, मीही पाहिला. कॉलेजात तीन वर्षं पुरुषोत्तम करंडकाला, म्हणजे पुण्यातल्या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेत, एकांकिका केल्या. हशा आला की थांबायचं, तो उतरायला लागला की पुढचं वाक्य टाकायचं, हे तिथल्या भरत नाट्य मंदिराच्या प्रेक्षकांनीच शिकवलं. इथे विनोदाआधीच पार्श्वसंगीत टुणटुणतं आणि वाक्य संपायच्या आत कॅमेरा दुसऱ्याच्या तोंडावर! पंगतीचा प्रसंग आठवा. थोरला भाऊ 'मी सही करणार नाही' म्हणतो आणि वरणाच्या वाटीकडे बघत गप्प बसतो. त्या गप्प बसण्यात सगळं होतं. दोन सेकंदांत कापलं.

२०२२ ला परीक्षकांनी दर्जा नाही म्हणून पुरुषोत्तम करंडक कुणालाच दिला नाही. तेव्हा मला ते फार कठोर वाटलं होतं. आता वाटतं, 'चालतंय की' म्हणायची सवय त्याच वयात मोडलेली बरी.

*

माझे बाबा मात्र पोटभर हसले. आजारपणानंतर पहिल्यांदाच थिएटरला आले होते. त्यामुळे मला या सिनेमाला वाईट म्हणवत नाही.

*

मी अशाच एका सिनेमात चार दिवस छोटं काम केलं. नाटकाला महिनाभर तालीम होते, इथे पानं सकाळी सेटवर हातात आली. एका ज्येष्ठ नटांनी विचारलं, "हा माणूस इतक्या वर्षांनी घरी का आलाय?" कुणालाच सांगता येईना. 'सर, इकडून या, तिकडे बसा', एवढंच. दुपारच्या सुट्टीत त्यांनी आम्हा दोघांना बसवून प्रसंग स्वतः बांधला. शॉट झाल्यावर लाइटवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. सिनेमात तो नाही. लांबी वाढत होती म्हणे.

*

दादा, त्या प्रसंगात काय होतं, लिहाल का? आईलाही ऐकायचंय.

*

ताई, संवाद एकही नव्हता. ते माजघराच्या दाराशी येतात आणि वरच्या कडीसाठी सवयीने टाचा उंचावतात. लहानपणी हात पुरायचा नाही ना. आता कडी त्यांच्या छातीशी येते. मग ते खाली वाकून, लहान मुलासारखा हात वर करून, पुन्हा एकदा ती काढून बघतात.