मदत हवी आहे: सिग्नलच्या दिव्यांचा हिशोब जुळेना

नमस्कार मंडळी. लेक नववीत आहे, शाळेच्या प्रकल्पाला विषय घेतलाय सिग्नलचे एलईडी दिवे आणि वीजबचत. म्हणून काल संध्याकाळी बापलेक तीन हात नाक्यावर वही घेऊन उभे! एका रिक्षावाल्याने विचारलंच, "काका, सर्व्हे का?"

जवळून पाहिलं तर लाल गोलात बारीक ठिपक्यांची जाळी. एकात चार-पाच ठिपके मेलेले, तरी दिवा चालू. जुना बल्ब उडाला की अख्खा गोल अंधारात जायचा.

आता हिशोब. जुना बल्ब १०० वॅटचा धरला. लाल, पिवळा, हिरवा यांतला एक कायम पेटलेला, म्हणजे २४ तासांत २.४ युनिट, वर्षाला ८७६. एलईडी १२ वॅटचा धरला तर जेमतेम १०५. लेकीला पटेना. मग समजावलं, बल्बची बरीचशी वीज उष्णतेतच जाते. उरलेला उजेड लाल काचेतून गाळायचा, म्हणजे बाकीचे रंगही वाया. एलईडी मुळातच लाल उजेड देतो.

पण १०० आणि १२ हे माझे अंदाज आहेत, बाई विचारणार कुठून आणले. ग्रुपमध्ये कुणी सिग्नल दुरुस्तीचं काम केलंय का? ठाण्यातले जुने बल्ब किती वॅटचे होते? आणि रात्री नुसता पिवळा लुकलुकतो, त्याची वीज निम्मी धरायची का? एखादी जुनी काच भंगारात कुठे मिळाली तर सोन्याहून पिवळं. शुक्रवारी जमा करायचंय.