पुणे विद्यापीठाच्या आवारात शिकलेल्यांनो, तुमचे अनुभव लिहा

भाची यंदा संगमनेरहून बी.एस्सी. होतेय. परवा म्हणाली, "मावशी, माझ्या मार्कशीटवर पुणे विद्यापीठच आहे की! मग परत तिकडं कशाला जायचं?" पुणे, अहिल्यानगर, नाशिक या जिल्ह्यांतली कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला जोडलेली, त्यामुळे पदवी लाखोंकडे असते. गणेशखिंडीच्या आवारातले विभाग ही वेगळी गोष्ट. तिथं मुख्यतः एम.ए., एम.एस्सी., पीएच.डी. होतं आणि बहुतेक विभागांना प्रवेश परीक्षा असते. तिथं राहून काय मिळालं ते सांगा. तिला वाचून दाखवणार आहे.

*

भौतिकशास्त्र, २००४ची बॅच. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात आठ जणांत एक उपकरण असायचं, त्यामुळे प्रयोग म्हणजे दुसऱ्याच्या वहीतून उतरवायचा आकडा. इथं पहिल्याच आठवड्यात सीनियर्स आयुकात घेऊन गेले. ही खगोलशास्त्राची संस्था विद्यापीठाच्याच आवारात आहे. डॉ. जयंत नारळीकरांनी १९८८मध्ये उभी केली. आत फुकोचा लंबक टांगलेला आहे, पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे दाखवणारा. पुण्याच्या अक्षांशावर त्याच्या झोक्याची दिशा तासाला पावणेपाच अंश सरकते, हे मी कागदावर काढलं आणि मित्राचं घड्याळ घेऊन तासभर तिथंच उभा राहिलो. सरकली! माझं उत्तर खरं निघायची ती पहिली वेळ.

शेजारीच एनसीआरए, रेडिओ लहरींवरून आकाशाचा अभ्यास करणारी संस्था. नारायणगावजवळच्या खोडदला त्यांच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, त्या बघायला मिळतात. भाचीला सांगा, विभागाच्या चार भिंतींत बसू नकोस. व्याख्यान कळो न कळो, मागच्या बाकावर जाऊन बसायचं. मला निम्मं तिथंच उमगलं.

*

मी मराठी विभागाचा. 'कमवा आणि शिका'मध्ये होतो म्हणून एम.ए. झालं, नाहीतर वडिलांना झेपलंच नसतं. सकाळी बागेत आळी करायची, पाला गोळा करायचा, हातपाय धुऊन थेट तासाला. मुख्य इमारत म्हणजे पूर्वीचा गव्हर्नरचा बंगला. २२ जून १८९७च्या रात्री रँड तिथल्याच मेजवानीहून परतत होता, तेव्हा चापेकरांनी त्याला गाठलं. पाला ओढताना हे रोज मनात यायचं.

संध्याकाळी जयकर ग्रंथालय. विद्यापीठ १९४९चं, पहिले कुलगुरू बॅ. मु. रा. जयकर, त्यांचं नाव. माझी खिडकीजवळची जागा ठरलेली होती.

*

एक राहिलं. परकीय भाषा शिकायची तर रानडे इन्स्टिट्यूट विद्यापीठाचीच, पण ती फर्ग्युसन रस्त्यावर आहे. मी नोकरी सांभाळून जर्मन तिथंच शिकले.

*

सगळं वाचून दाखवलं. लंबकाचा भाग दोनदा वाचायला लावला. आता तिचा प्रश्न: बागेतलं काम मुलींना देतात का?

*

मराठीवालाच पुन्हा. देतात की. माझ्या गटात चौघी होत्या. त्यातली एक आता प्राध्यापक आहे.